बोलणारा फोन

मुलांनो, रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर फोन केला की एक आवाज भाषा निवडायला सांगतो. आवाज माणसाचा असतो, पण समोर माणूस नसतो. संगणकाची आज्ञावली, म्हणजे प्रोग्राम, आधी मुद्रित केलेले आवाजाचे तुकडे जोडून आपल्याला ऐकवते.

अशी यंत्रणा पूर्वी फार महाग होती. १९९९ साली अमेरिकेत मार्क स्पेन्सर या तरुणाला आपल्या लहानशा कंपनीसाठी ती हवी होती. विकत घेणे परवडेना, म्हणून त्याने स्वतःच आज्ञावली लिहिली. तिचे नाव 'ॲस्टेरिस्क', म्हणजे तारकाचिन्ह. फोनच्या बटणावर असते तेच! ती त्याने कुलपात ठेवली नाही. कोणीही ती वाचावी, वापरावी, सुधारावी, अशी मोकळीक दिली. देशोदेशीच्या लोकांनी तिच्यात भर घातली.

पण ती चालवायची कशी, हे नीट लिहिलेले नव्हते. सोलापूरचा जुना विणकर सवयीने माग चालवतो. नवशिक्याला कोणी दाखवलेच नाही, तर त्याच्यासाठी माग म्हणजे नुसते लाकूड. इथेही तसेच झाले. मग जिम व्हॅन मेगेलन, जेरेड स्मिथ आणि लीफ मॅडसन यांनी मोठे पुस्तक लिहिले. ते २००५ साली निघाले आणि इंटरनेटवर सर्वांना फुकट वाचायला मिळाले. माझ्या मते हे काम आज्ञावली लिहिण्याइतकेच मोलाचे आहे.

भर घालायला संगणकतज्ज्ञच लागतो असेही नाही. आकडेच पाहा. इंग्रजीत 'फिफ्टी' आणि 'थ्री' हे तुकडे जोडले की काम होते. मराठीत 'पन्नास' आणि 'तीन' जोडून 'त्रेपन्न' होत नाही. उर्दूतही 'तिरपन' हा वेगळाच शब्द आहे. म्हणून या भाषांत नव्याण्णवपर्यंतचा प्रत्येक आकडा यंत्रासाठी वेगळा बोलून ठेवावा लागतो. परदेशातल्या माणसाला हे कसे कळणार? ती भाषा जाणणाऱ्यानेच ते सांगावे लागते. ॲस्टेरिस्कमध्ये उर्दू आकड्यांची रीत पुढे लिहिली गेली.

सोलापुरात उर्दू, मराठी, कन्नड आणि तेलुगू या चारही भाषा कानावर पडतात. तेलुगू बोलणाऱ्या मित्राला त्रेपन्न म्हणायला सांगा. तो म्हणेल, 'याभै मूडु'. याभै म्हणजे पन्नास, मूडु म्हणजे तीन. तेलुगूत तुकडे जोडून चालते!