‘सेन्सॉर केलं होतं’ यातलं ‘होतं’ काय सांगतं?

‘सेन्सॉर’ हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला, पण त्याचं मूळ लॅटिन. प्राचीन रोममध्ये सेन्सॉर हा अधिकारी लोकांची गणती करायचा आणि त्यांच्या नीतिमत्तेवर लक्षही ठेवायचा. मराठीत आपण त्याला ‘करणे’ जोडून क्रियापद बनवलं. सीन सेन्सॉर केला, ओळ सेन्सॉर केली, गाणं सेन्सॉर केलं. क्रियापद चालतं ते कापल्या गेलेल्या गोष्टीच्या लिंगाप्रमाणे. कापणाऱ्याचं नाव गाळलं, तरी वाक्य अडत नाही!

आता ‘होतं’ बघू. जयसिंगपुरातल्या घरी कोणी म्हणालं, ‘दादा कोल्हापूरला गेलाय’, तर दादा अजून तिकडेच आहे. ‘गेला होता’ म्हटलं, तर बहुतेक वेळा तो परत आलाय असं आपण समजतो. म्हणजे पूर्ण भूतकाळ दोन कामं करतो: घटना दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधीची आहे हे सांगतो, आणि तिचा परिणाम आता उरला नसेल असंही सुचवतो.

हेच बंदीला लावून बघा. कृ. प्र. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आलं. कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला, आणि 1910 मध्ये ब्रिटिश सरकारने नाटकावर बंदी घातली. आज आपण ‘बंदी घातली होती’ म्हणतो (बोलताना ‘घातलेली’), कारण ती पुढे उठली. त्या काळातल्या माणसाला मात्र ‘बंदी घातली आहे’ असंच म्हणावं लागलं असतं. फरक एका शब्दाचा, पण नाटक बघायला मिळणार की नाही, हे त्यावरून कळतं.

संशोधनातही हा काळ महत्त्वाचा आहे. ‘निष्कर्ष काढण्याआधी पाच नोंदी वगळल्या होत्या’ आणि ‘निष्कर्ष बघून पाच नोंदी वगळल्या’ यांत नोंदी त्याच असतील, पण दुसऱ्या वाक्यावर शंका घ्यायलाच हवी. हवं ते उत्तर यावं म्हणून तर त्या काढल्या नाहीत ना?

त्यामुळे ‘वगळलं होतं’, ‘कापलं होतं’ असं कुठे वाचलंत, तर तीन प्रश्न विचारा. कोणी? कशाच्या आधी? आणि वगळलेलं परत आलं का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल आणि दुसऱ्याला उत्तरच नसेल, तर तिथे ‘होतं’ऐवजी बहुतेक वेळा ‘आहे’ हवं.