बर्फावरचा बूट आणि पायाचा ओळंबा

“काका, हें माझ्या हातून व्हायचें नाहीं. लहान लहान पोरें सरसर खालीं उतरतात, आणि माझे पाय मात्र दगडासारखे बधिर होतात!”

आमची पुतणी ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथें शिकते. आल्प्स पर्वताच्या कुशींतील ह्या शहरीं १९६४ व १९७६ सालीं हिवाळी ऑलिंपिकचे सामने भरले होते. पायांस स्कीच्या लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरणें तेथील मुलांना आपल्याकडील नदीकांठच्या पोरांच्या पोहण्यासारखेंच वाटतें. गेल्या हिवाळ्यांत मी तिच्याकडे गेलों, तेव्हां तिनें तो नाद जवळजवळ सोडून दिला होता. पाय बधिर, उजवा गुडघा आंतल्या बाजूस दुखरा, आणि ‘आपल्या अंगीं ती हिंमतच नाहीं’ असा पक्का ग्रह! गुडघ्यापेक्षां ह्या ग्रहाचीच मला अधिक काळजी वाटली. शेवटीं तिच्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून आम्ही एका वृद्ध कारागिराकडे गेलों. बूट पायाला नीट बसवून देणें एवढाच त्याचा धंदा.

एवढ्यावर पोट भरतें कसें, असें वाचकांस वाटेल. मलाही वाटलें. पूर्वीं हे बूट चामड्याचे असत व वापरानें मऊ होऊन पायाचा आकार घेत. १९६० नंतरच्या दशकांत बॉब लँग ह्या अमेरिकन गृहस्थानें प्लास्टिकचा बूट प्रचारांत आणला. त्याचें टणक कवच पायाची बारीकशी हालचालही पट्टीपर्यंत पोहोंचवतें खरें; पण चामडें जशी समजूत घेई तशी तें घेत नाहीं.

म्हाताऱ्यानें बुटाच्या आंतला मऊ जोडा काढून ठेवला व तिला नुसत्या कवचांत उभें केलें. बोटें पुढें टेकवून टाचेमागें आपलीं बोटें घातलीं. तेथें साधारण दीड बोट, म्हणजे १५ ते २० मिलिमीटर, जागा असावी. येथें दोन बोटें जाऊन वर जागा उरली! ह्या बुटांचा क्रमांक पायाच्या लांबीच्या सेंटिमीटरांवर असतो. तिचा पाय २४.५, आणि बूट २६.५. ‘सैल तितका सुखाचा’ म्हणून कोणा दुकानदारानें तो तिच्या गळ्यांत मारला होता. सैल बुटांत पाय सरकतो, म्हणून ती बोटें आवळून धरी व वरचे चाप घट्ट ओढी. त्यामुळें पायाचा वरचा भाग दाबला जाऊन रक्त अडे. सैलपणानेंच पाय आवळला जात होता!

नवा बूट घेणें भाग पडलें, आणि पोरीच्या शिलकेला चांगलाच चटका बसला.

मग त्यानें तिला अनवाणी उभी करून मागून बराच वेळ पाहिलें. पायांत २६ हाडें असतात, आणि भार पडला कीं त्यांची कमान थोडी खचावयाचीच. पण तिच्या उजव्या पायाची कमान फारच खचे, टाच आंत कलंडे आणि तिच्यामागून गुडघाही आंत वळे. ह्यावर उपाय म्हणजे सुखतळा, जोड्याच्या आंत घालावयाचा तळ. त्यानें एक तक्ता गरम करून तिच्या पायाखालीं धरला आणि तो थंड होईपर्यंत टाच हातानें सरळ राखली. “कमान वर ढकलायची नाहीं, टाचेला घर करून द्यायचें,” असें तो म्हणाल्याचें पुतणीनें मला जर्मनमधून सांगितलें. फार कठीण व उंच तळ दिल्यास पायाला जिवंतपणा उरत नाहीं, असें त्याचें मत.

त्यानंतर निघाला चक्क गवंड्याचा ओळंबा! गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून सोडलेली दोरी बुटाच्या मध्यरेषेवर यावयास हवी. ती आंत पडत होती. म्हणजे ही पोर सदैव पट्टीच्या आंतल्या धारेवरच उभी! पट्टी सपाट ठेवणें तिला शक्यच नव्हतें. हिंमतीचा प्रश्न आलाच कोठें? सुखतळ्यानें निम्मा फरक आधींच भरून निघाला होता. म्हणूनच ओळंबा नंतर, हा क्रम त्यानें मोडूं दिला नाहीं. उरलेल्यासाठीं बुटाचा बाहेरचा तळ दीड अंशानें तिरपा केला, आंतली बाजू किंचित् उंच. मात्र टोंक व टाच येथील जाडी पुन्हां ठरलेल्या मापावर आणणें अत्यावश्यक. नाहीं तर पडतांना पट्टी बुटापासून सुटत नाहीं आणि पाय मोडण्याचा धोका असतो. हें काम घरीं कानस घेऊन करण्याचें नव्हे.

तिसऱ्या दिवशीं आम्ही टेकडीवर गेलों. ती सावकाश, दोनदां थांबून, खालीं आली. पडली नाहीं. “काका, उजवीकडेही वळतां येतें!” एवढेंच म्हणाली आणि पुन्हां वर जाणाऱ्या पाळण्याच्या रांगेंत उभी राहिली. संध्याकाळीं बूट काढला तेव्हां बोटें गुलाबी होतीं, फक्त बाहेरचा घोटा लाल झाला होता. दुसऱ्या दिवशीं म्हाताऱ्यानें कवच तेवढ्या ठिकाणीं तापवून बाहेर फुगविलें, आणि त्याचे पैसे घेतले नाहींत.