मिशिगनचे तेरा मतदारसंघ आणि ऑगस्टचा कौल

७ ऑगस्ट २०१८ रोजी डेट्रॉइटच्या डेमोक्रॅट मतदारांनी एकाच मतपत्रिकेवर एकाच जागेसाठी दोनदा मत दिलं. १९६५ पासून अमेरिकी काँग्रेसमध्ये बसलेले जॉन कॉनियर्स लैंगिक छळाच्या आरोपांमुळे डिसेंबर २०१७ मध्ये राजीनामा देऊन गेले होते. त्यांच्या उरलेल्या मुदतीसाठी पोटनिवडणूक आणि पुढच्या दोन वर्षांसाठी नेहमीची निवडणूक, अशा दोन्हींच्या पक्षांतर्गत लढती, म्हणजे प्राथमिक निवडणुका, त्याच दिवशी उरकून घेण्यात आल्या. पोटनिवडणुकीत चार उमेदवार होते. तिथे डेट्रॉइट नगर परिषदेच्या अध्यक्ष ब्रेंडा जोन्स सुमारे १,६०० मतांनी जिंकल्या. नेहमीच्या निवडणुकीत सहा उमेदवार होते आणि तिथे त्याच जोन्सबाईंना राशिदा तलीब यांनी सुमारे ९०० मतांनी हरवलं. मतदार, मतदारसंघ आणि दिवस सगळं तेच, पण निकाल उलटा. फरक पडला तो जास्तीच्या दोन उमेदवारांनी. दोघेही कृष्णवर्णीय होते आणि त्यांनी जोन्स यांच्या वाट्याची मतं खाल्ली. जोन्स नोव्हेंबरच्या अखेरीस शपथ घेऊन महिनाभर खासदार राहिल्या. तलीब ३ जानेवारी २०१९ ला आल्या आणि आजही आहेत. नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने तिथे उमेदवारच दिला नव्हता.

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात कोण जातं हे समजून घ्यायचं असेल तर नोव्हेंबरच्या रात्री टीव्हीवर रंगणारे लाल-निळे नकाशे थोडे बाजूला ठेवावेत. बहुतेक जागांचा फैसला त्याआधीच झालेला असतो. मतदारसंघाची रेष कुणी ओढली, मतपत्रिकेवर कुणाचं नाव चढलं आणि ऑगस्टमध्ये किती जण उभे राहिले, एवढ्यावर गाडं चालतं. मिशिगनमध्ये हे तिन्ही प्रकार ठळकपणे पाहायला मिळतात.

प्रतिनिधीगृहाच्या जागा ४३५. दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि त्या जागा राज्यांत नव्याने वाटल्या जातात. मोटारींच्या भरभराटीच्या काळात, १९६० च्या जनगणनेनंतर, मिशिगनकडे १९ जागा होत्या. कारखाने दक्षिणेकडे आणि परदेशात गेले, माणसंही गेली. २००० ते २०१० या दशकात लोकसंख्या घटलेलं मिशिगन हे अमेरिकेतलं एकमेव राज्य. जागा १८, १६, १५, १४ अशा उतरत २०२० च्या जनगणनेनंतर १३ वर आल्या. राज्याची लोकसंख्या १ कोटी ७७ हजार, म्हणजे एका जागेमागे सुमारे ७ लाख ७५ हजार माणसं. डेट्रॉइट शहरात १९५० साली साडेअठरा लाख लोक राहत होते, २०२० मध्ये उरले ६ लाख ३९ हजार. एकेकाळी काँग्रेसच्या कितीतरी जागा पोसणारं हे शहर आज एकट्याच्या बळावर एकही मतदारसंघ भरू शकत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सगळा तिढा तिच्यातून निघतो.

रेषा ओढण्याचं काम अनेक राज्यांत विधिमंडळ करतं, म्हणजे ज्यांना निवडून यायचं आहे तेच. आपल्याकडे परिसीमन आयोगावर कितीही टीका झाली तरी पेन्सिल थेट सत्ताधारी पक्षाच्या हातात नसते. मिशिगनमध्ये ती होती. २०११ मध्ये विधिमंडळाची दोन्ही सभागृहं आणि राज्यपालपद रिपब्लिकनांकडे होतं. त्यांनी केलेला नकाशा पाहण्यासारखा होता. त्यातला १४ वा मतदारसंघ डेट्रॉइटच्या पूर्वेच्या श्रीमंत ग्रोस पॉइंट्सपासून निघून शहरातून वळणं घेत साउथफील्ड, फार्मिंग्टन हिल्स करत थेट पाँटिअ‍ॅकपर्यंत जात होता. हेतू एवढाच की डेमोक्रॅट मतं मोजक्या मतदारसंघांत कोंबायची आणि बाकीच्या जागा निर्धोक करायच्या. पुढे खटला उभा राहिला तेव्हा नकाशाकारांचे ईमेल बाहेर आले. डेट्रॉइट परिसरातला डेमोक्रॅट ‘कचरा’ चार मतदारसंघांत भरून टाकण्याची भाषा त्यांत होती. एका मतदारसंघाला फुटलेल्या बोटासारख्या टोकाकडे पाहून, हे बोट सँडी लेव्हिन या ज्येष्ठ डेमोक्रॅट खासदारांना दाखवलं आहे, अशी खुशीही कुणीतरी लिहून ठेवली होती. इतकं प्रांजळ लेखन राजकारणात सहसा सापडत नाही.

२०१२ मध्ये ओबामांनी राज्य सहज जिंकलं. प्रतिनिधीगृहाच्या निवडणुकीतही राज्यभराची बेरीज केली तर डेमोक्रॅटांची मतं जास्त होती. जागा मात्र रिपब्लिकनांना ९ आणि डेमोक्रॅटांना ५ मिळाल्या. असा नकाशा अमरपट्टा घेऊन येत नाही, हेही खरं. उपनगरातला सुशिक्षित वर्ग ट्रम्पकाळात रिपब्लिकनांपासून दुरावला आणि २०१८ मध्ये त्याच रेषांवर ७-७ अशी बरोबरी झाली. एप्रिल २०१९ मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघीय न्यायपीठाने हा नकाशा घटनाबाह्य ठरवला. पण दोनच महिन्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या राज्यांच्या प्रकरणांत सांगून टाकलं की पक्षीय स्वार्थासाठी रेषा वाकवणं हा संघीय न्यायालयांनी हात घालावा असा विषय नाही. मिशिगनचा तो निकाल त्यात वाहून गेला.

तोवर लोकांनी दुसरी वाट काढली होती. २०१६ च्या निवडणुकीनंतर दोन दिवसांत केटी फेही या तरुणीने फेसबुकवर लिहिलं की मला मिशिगनमधल्या या रेषांच्या खेळाविरुद्ध काहीतरी करायचं आहे, कोण येतं? तिला राजकारणाचा अनुभव नव्हता. त्यातून ‘व्होटर्स नॉट पॉलिटिशियन्स’ ही चळवळ उभी राहिली. घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतदानाला ठेवण्यासाठी ३ लाख १५ हजारांवर सह्या लागत होत्या. स्वयंसेवकांनी महामार्गांवरच्या विसाव्यांपासून जत्रांपर्यंत फिरून सव्वाचार लाखांहून अधिक जमवल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो प्रस्ताव ६१ टक्के मतांनी मंजूर झाला आणि रेषा ओढण्याचं काम विधिमंडळाकडून नागरिकांच्या आयोगाकडे गेलं.

आयोगाची रचना मला विलक्षण वाटते. १३ सदस्य: ४ डेमोक्रॅट, ४ रिपब्लिकन आणि ५ कुठल्याच पक्षाचे नसलेले. पुढारी, त्यांचे जवळचे नातेवाईक, लॉबीवाले, पक्षाचे पदाधिकारी यांना बंदी. नऊ हजारांहून जास्त नागरिकांनी अर्ज केले. विधिमंडळातल्या दोन्ही पक्षांच्या नेत्यांना काही नावं खोडण्याची मुभा होती, पण अखेरची निवड सोडतीने झाली. नकाशा मंजूर व्हायचा तर बहुमतात दोन्ही पक्षांचे आणि अपक्षांचे किमान दोन-दोन सदस्य हवेत. कोण कुठे राहतं, कुणाची खासदारकी धोक्यात येते, हे पाहायचंच नाही, असा दंडक. २८ डिसेंबर २०२१ रोजी ‘चेस्टनट’ नावाचा नकाशा मंजूर झाला आणि भल्याभल्यांची घरं एकमेकांच्या मतदारसंघांत जाऊन पडली. रिपब्लिकन फ्रेड अप्टन १९८६ मध्ये पहिल्यांदा निवडून आलेले. त्यांना आपल्याच पक्षाच्या बिल हायझेंगा यांच्याशी लढणं भाग पडलं असतं. ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या बाजूने मत दिल्यामुळे पक्षातही ते नकोसे झालेच होते. त्यांनी निवृत्ती पत्करली. डेमोक्रॅटांमध्ये हेली स्टीव्हन्स आणि सँडी लेव्हिन यांचे चिरंजीव अँडी लेव्हिन समोरासमोर आले आणि लेव्हिन हरले.

पक्षांपुरतं पाहिलं तर हा नकाशा न्याय्य निघाला. २०२२ मध्ये डेमोक्रॅट ७, रिपब्लिकन ६. २०२४ मध्ये ट्रम्प यांनी राज्य थोडक्यात घेतलं, लॅन्सिंगच्या परिसरातला ७ वा मतदारसंघ टॉम बॅरेट यांनी रिपब्लिकनांकडे खेचला आणि आकडे उलटे झाले. हवा जिकडे वळली तिकडे जागा वळल्या. नकाशाकडून याहून जास्त काय मागायचं?

पण डेट्रॉइटने या न्यायाची किंमत मोजली. जुन्या नकाशात कृष्णवर्णीय वस्ती दोन मतदारसंघांत कोंबलेली होती. त्यात शहराचं नुकसान होतं आणि एक प्रकारची हमीही होती. १९५५ मध्ये चार्ल्स डिग्ज काँग्रेसमध्ये दाखल झाल्यापासून डेट्रॉइटचा किमान एक कृष्णवर्णीय प्रतिनिधी तिथे सतत होता, बराच काळ दोन. आयोगाने शहराची मतं उपनगरांमध्ये पसरवली. १२ वा मतदारसंघ पश्चिम डेट्रॉइटला डिअरबॉर्न, लिव्होनिया, साउथफील्डशी जोडतो. १३ वा मतदारसंघ उरलेल्या शहराला ग्रोस पॉइंट्स आणि दक्षिणेकडच्या टेलर, वायंडॉटसारख्या गावांशी. दोन्हींत कृष्णवर्णीयांचं प्रमाण निम्म्याखाली गेलं. शहरातल्या नेत्यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती फेटाळली गेली. याच आयोगाने राज्य विधिमंडळासाठी डेट्रॉइटभोवती आखलेले १३ मतदारसंघ मात्र संघीय न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये रद्द केले. रेषा आखताना वंशाचा विचार प्रमाणाबाहेर झाला, असं न्यायालयाने म्हटलं.

आणि इथे आपला माणूस येतो. श्री ठाणेदार यांचा जन्म १९५५ चा, चिकोडीचा. बेळगावात हलाखीत बालपण, मुंबई विद्यापीठ, १९७९ मध्ये अमेरिका, अ‍ॅक्रन विद्यापीठाची रसायनशास्त्रातली डॉक्टरेट. सेंट लुइसमधली केमिर ही प्रयोगशाळा विकत घेऊन वाढवली, मंदीत ती गमावली, मग अ‍ॅन आर्बरला येऊन दुसरी कंपनी काढली आणि नफ्यात विकली. ‘ही श्रींची इच्छा’ हे त्यांचं आत्मकथन मराठी वाचकांना ठाऊक आहे. २०१८ मध्ये स्वतःचे लाखो डॉलर ओतून ते राज्यपालपदाच्या प्राथमिक निवडणुकीत उतरले आणि तिसरे आले. मग मुक्काम डेट्रॉइटला हलवून २०२० मध्ये राज्य विधिमंडळात गेले.

२०२२ मध्ये नव्या १३ व्या मतदारसंघात डेमोक्रॅटांच्या प्राथमिक निवडणुकीला नऊ उमेदवार होते. धोका ओळखून वेन काउंटीचे प्रमुख वॉरन इव्हान्स यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय नेत्यांनी अ‍ॅडम हॉलियर यांच्यामागे एकवटण्याचा घाट घातला. बाहेरच्या गटांनीही हॉलियर यांच्यासाठी लाखो डॉलर खर्च केले. बाकीच्यांनी माघार घेतली नाही. ठाणेदारांनी पुन्हा स्वतःच्या खिशातून प्रचार चालवला. त्यांना २८ टक्के मतं मिळाली, हॉलियर यांना साडेतेवीस. म्हणजे दहातल्या सात डेमोक्रॅट मतदारांनी दुसऱ्या कुणाला मत दिलं होतं. नोव्हेंबरमध्ये त्यांना ७१ टक्के मिळाले, कारण त्या मतदारसंघात डेमोक्रॅट उमेदवार हरत नाही.

आपल्याकडे ‘मराठी झेंडा अमेरिकेच्या संसदेत’ अशा उत्साहाने ही बातमी साजरी झाली. आनंद खोटा नाही, आणि ठाणेदारांच्या जिद्दीलाही तोड नाही. पण त्याच दिवशी डेट्रॉइटमध्ये एका ६८ वर्षांच्या परंपरेचा शेवट नोंदला जात होता, हे आपल्या बातम्यांत कुठे आलं नाही. त्यांनी कुणाची जागा हिसकावली नाही, नियमांप्रमाणे जिंकली. नियमच असे आहेत की मतं विभागली तर चौथ्या हिश्श्याच्या जरा वर मिळवणारा जिंकतो, दुसरी फेरी नाही. गंमत अशी की त्याच निवडणुकीत मिशिगनमधून एकच कृष्णवर्णीय सदस्य प्रतिनिधीगृहात गेला, तो रिपब्लिकन, आणि तोही बहुसंख्य गोऱ्या मॅकोम काउंटीच्या १० व्या मतदारसंघातून. जॉन जेम्स यांनी तिथे अवघ्या १,६०० मतांनी बाजी मारली.

ऑगस्टचा डाव विरोधी पक्षही खेळतो. ग्रँड रॅपिड्सच्या ३ ऱ्या मतदारसंघात, माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या जुन्या गावात, रिपब्लिकन पीटर मायर यांनी ट्रम्पविरोधी महाभियोगाला साथ दिली होती. २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत डेमोक्रॅट पक्षाच्या प्रचार समितीने सुमारे सव्वाचार लाख डॉलरची जाहिरात केली, ती मायर यांचे कडवे प्रतिस्पर्धी जॉन गिब्ज यांना ट्रम्पभक्तांपुढे उजळ करणारी. गिब्ज जिंकले, मायर गेले. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट हिलरी शोल्टन यांनी गिब्ज यांना आरामात हरवलं आणि चार दशकांहून जास्त काळानंतर ग्रँड रॅपिड्स डेमोक्रॅटांकडे आलं. लोकशाही वाचवण्याच्या गप्पा मारणाऱ्या पक्षाने हे करावं, हे मला तेव्हाही रुचलं नव्हतं, आजही रुचत नाही.

मतपत्रिकेवर नाव चढणं हाही एक अडथळाच आहे. आपल्याकडे तिकीट वरून येतं. तिथे पक्षाचं नाव लावायला पक्षश्रेष्ठींची परवानगी लागत नाही, पण मतदारसंघातल्या किमान १,००० मतदारांच्या खऱ्या सह्या लागतात. २०१२ मध्ये थॅडियस मॅकॉटर या खासदारांनी १,८३० सह्या दिल्या. तपासल्यावर २४४ खऱ्या निघाल्या, बाकी जुन्या अर्जांवरून चिकटवलेल्या. आदल्याच वर्षी हे गृहस्थ राष्ट्राध्यक्ष व्हायला निघाले होते! त्यांनी खासदारकी सोडली, कर्मचाऱ्यांवर खटले झाले आणि ती जागा रेनडिअर पाळणाऱ्या, नाताळात सांताक्लॉज होणाऱ्या केरी बेंटिव्होलिओंना मिळाली. २०२४ मध्ये ठाणेदारांविरुद्ध पुन्हा उभे राहू पाहणारे हॉलियर याच हजार सह्यांवर अडकले आणि बाद झाले. त्या वर्षी ठाणेदारांनी निम्म्याहून जास्त मतं घेतली.

इतक्या उलथापालथीत एक घर मात्र टिकून आहे. १९३३ मध्ये जॉन डिंगेल थोरले काँग्रेसमध्ये गेले. १९५५ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे चिरंजीव जॉन पोटनिवडणुकीत आले आणि ५९ वर्षं बसले, अमेरिकी काँग्रेसच्या इतिहासातली सर्वांत दीर्घ कारकीर्द. २०१५ पासून त्यांच्या पत्नी डेबी. घराणेशाही ही फक्त आपलीच मिरास नाही, एवढं म्हणून पुढे जाऊ.

२०२६ ची प्राथमिक निवडणूक ४ ऑगस्टला आहे. जॉन जेम्स राज्यपालपदाच्या आणि हेली स्टीव्हन्स सिनेटच्या शर्यतीत उतरल्याने १० वा आणि ११ वा मतदारसंघ मोकळे झाले आहेत. ठाणेदारांना पक्षातूनच आव्हान आहे. ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स या गावांत अमेरिकी नागरिकत्व घेतलेली मराठी कुटुंबं आता पुष्कळ आहेत. ज्या वाचकांची मुलं, भाचे, पुतणे तिथे आहेत त्यांनी फोनवर एवढं जरूर सांगावं: मिशिगनमध्ये मतदाराला पक्षाकडे नाव नोंदवावं लागत नाही, मतपत्रिकेवर एका पक्षाचा रकाना निवडला की झालं. टपालाने मत द्यायला कारणही सांगावं लागत नाही. नोव्हेंबरची वाट पाहू नका, ऑगस्टमध्ये मत द्या.