पुढचे पाठ, मागचे सपाट : कॉलेजातला अभ्यास कसा करावा



दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या खेड्यापाड्यांतून हजारो मुलेमुली तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी कॉलेजात जातात. कोणी एसटीचा पास काढून रोज ये-जा करते, कोणी वसतिगृहात राहते, कोणी चौघांत मिळून एक खोली घेते. त्यांतल्या पुष्कळांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे हे पहिलेच माणूस असते. त्यासाठी कुठे दुभती म्हैस विकलेली असते, कुठे सोसायटीच्या कर्जात भर पडलेली असते. आणि मग पहिल्या सत्राचा निकाल लागतो. शाळेत पहिल्या पाचांत असणारे मूल दोन-दोन, तीन-तीन विषयांत राहते. आता हे घरी सांगायचे कसे? मुलगा असला तर कोणी म्हणते, "जाऊ दे रे, शिक्षण आपल्या नशिबातच नाही." मुलगी असली तर स्थळे पाहायला सुरुवात होते.

आजचे बोलणे याच वळणाविषयी आहे. मूल नापास झाले की ते बुद्धीने कमी पडले, असा अर्थ आपण चटकन काढतो. पुष्कळदा तो अर्थ चुकीचा असतो. कमी पडलेली असते ती अभ्यासाची रीत, आणि रीत शिकता येते.

शाळेत आणि कॉलेजात फरक काय, ते आधी पाहू. शाळेत गुरुजी रोज प्रश्न विचारतात, घरचा अभ्यास तपासतात, दर महिन्याला चाचणी घेतात. म्हणजे उजळणी शाळाच करून घेते. मुलाला ती आपली आपण करावी लागत नाही, म्हणून तिची सवयही लागत नाही. कॉलेजात प्राध्यापक तासभर बोलतात आणि निघून जातात. वही कोणी पाहत नाही. पुस्तक जाड, बहुधा इंग्रजीत, आणि परीक्षा थेट तीन-चार महिन्यांनी. मुलाला वाटते, अजून पुष्कळ वेळ आहे. शेवटच्या आठवड्यात रात्री जागून घोकंपट्टी होते, आणि "पुढचे पाठ, मागचे सपाट" या म्हणीचा पुरेपूर अनुभव येतो.

या म्हणीतली गोष्ट हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन पंडिताने प्रयोगाने मोजून पाहिली. १८८५ साली त्याने आपले निष्कर्ष छापले. अर्थ नसलेली अक्षरे जुळवून त्यांच्या याद्या तो स्वतः पाठ करी आणि ठरावीक वेळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात, ते पाही. तासाभरातच निम्म्याहून अधिक लाभ गेलेला असे. एका दिवसाने सुमारे एक तृतीयांश उरे आणि महिन्याने जेमतेम एक पंचमांश. आता, अर्थ समजून शिकलेली गोष्ट इतक्या लवकर जात नाही, हे खरे. पण गळती सुरुवातीलाच सर्वांत जास्त असते, ही गोष्ट तिलाही लागू आहे.

शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. महिन्याचे पाणी एकाच दिवशी सोडले तर ते वाहून जाते. पाळीपाळीने दिले तर मुरते. अभ्यासाचेही तसेच. परीक्षेआधी सलग सहा तास वाचण्यापेक्षा तेच सहा तास सहा आठवड्यांत वाटून दिले तर ते टिकतात. आणि पेरणीला जसा वाफसा पाहावा लागतो, तशी उजळणीलाही वेळ असते. तास झाला त्याच संध्याकाळी पंधरा मिनिटे, मग तीन-चार दिवसांनी दहा मिनिटे, मग महिन्याने पुन्हा एकदा. एवढ्या तीन पाळ्या ज्याने दिल्या, त्याला शेवटच्या आठवड्यात नव्याने सुरुवात करावी लागत नाही.

पण या पाळीत करायचे काय? बहुतेक मुले काय करतात, तर तेच पान पुन्हा वाचतात आणि ओळींखाली रेघा मारतात. पान ओळखीचे वाटू लागले की "आलं आपल्याला" असे मनाला वाटते. इथेच मोठी फसगत आहे. ओळखीचे वाटणे निराळे आणि आठवणे निराळे. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा आपण ओळखतो, नाव मात्र आठवत नाही, तसलाच हा प्रकार.

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा एकदा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते : त्यांना शेकडा ८१ भाग आठवला, लिहिणाऱ्यांना ७५. पण ज्यांची परीक्षा आठवड्याने घेतली, त्यांच्यात पारडे फिरले. दोनदा वाचणाऱ्यांजवळ ४२ उरले, आठवून लिहिणाऱ्यांजवळ ५६. म्हणजे ज्या रीतीने आज आपल्याला जास्त येते असे वाटते, तीच रीत आठवड्याने दगा देते.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. पाठकोऱ्या, म्हणजे एका बाजूने छापलेल्या कागदावर लिहिले तरी चालेल. मग पुस्तक उघडून काय राहिले ते लाल शाईने भरा. हे करताना कष्ट वाटतात, "आपल्याला काहीच येत नाही" असेही वाटते. वाटू द्या. ते कष्ट म्हणजेच अभ्यास. आपल्या आजीला पाढे आणि ओव्या पाठ होत्या, त्या काही पुस्तक पुन्हा पुन्हा वाचून नव्हेत. म्हणून म्हणून झाल्या होत्या.

आता वहीविषयी दोन शब्द. प्राध्यापकांचा शब्द न् शब्द उतरवून घेणारी मुले लिहिण्यातच गुंततात आणि समजायचे राहून जाते. कॉर्नेल विद्यापीठातले वॉल्टर पॉक यांनी कॉलेजातल्या अभ्यासावर एक पुस्तक लिहिले. त्यात सांगितलेली वहीची पद्धत साधी आहे. पानाच्या डाव्या बाजूला सुमारे अडीच इंचांची पट्टी कोरी सोडायची. तासाला मोठ्या भागात मुद्दे लिहायचे. संध्याकाळी डाव्या पट्टीत त्या मुद्द्यांवरचे प्रश्न आपल्या शब्दांत लिहायचे, आणि तळाला दोन ओळींत सार. पुढच्या उजळणीला उजवा भाग झाकायचा आणि नुसते प्रश्न पाहून उत्तरे द्यायची. गाईडावर पैसे न घालता आपल्या वहीतच प्रश्नसंच तयार होतो.

गणित, हिशेबशास्त्र, पदार्थविज्ञान अशा विषयांत आणखी एक मेख असते. एका प्रकारची वीस उदाहरणे ओळीने सोडवली की हात बसतो. पण कोणते सूत्र लावायचे, हे ठरवण्याचा प्रसंगच येत नाही. परीक्षेत तर आधी तेच ठरवावे लागते. रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी घनफळाची उदाहरणे प्रकारवार सोडवली आणि काहींनी मिसळून. सरावाच्या वेळी प्रकारवारवाले पुढे होते. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा त्यांची २० टक्के उत्तरे बरोबर आली, आणि मिसळून सोडवणाऱ्यांची ६३ टक्के. म्हणून धडा समजला, चार उदाहरणे झाली, की आजच्या चार उदाहरणांत मागच्या धड्यांतली चार मिसळावीत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खेड्यातले मूल शहरात गेले की गप्प होते. आपले बोलणे, आपले कपडे, आपले इंग्रजी, सगळ्याचीच त्याला लाज वाटू लागते. शंका विचारली तर वर्ग हसेल, या भीतीने ते एकटे बसून अभ्यास करते. मेहनत करते, पण अडले की तिथेच अडून राहते.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९७० च्या दशकात गणिताचे एक अध्यापक, युरी ट्रीझमन, यांना असाच प्रश्न पडला. तिथले कृष्णवर्णीय विद्यार्थी आपापल्या शाळेत हुशार ठरलेले. पण कॉलेजच्या पहिल्या वर्षी गणितात त्यांच्यातले पुष्कळ जण नापास होत. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र चांगले उत्तीर्ण होत. लोक म्हणत, यांना तळमळ नाही, घरचे लक्ष देत नाहीत. ट्रीझमन यांनी ऐकीव गोष्टींवर न विसंबता दोन्ही गटांतली मुले प्रत्यक्ष कशी राहतात, कशी शिकतात, ते महिनोन्‌महिने पाहिले. तळमळ भरपूर होती, घरचा पाठिंबाही होता. फरक दिसला तो असा की कृष्णवर्णीय मुले बहुधा एकेकटी अभ्यास करीत. चिनी वंशाची मुले आधी एकटी बसत, मग एकत्र जमून उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत, जुने प्रश्न सोडवत. ट्रीझमन यांनी मग अभ्यासमंडळे सुरू केली. त्यांत 'कच्च्या मुलांची शिकवणी' असा शिक्का नव्हता; उलट मुद्दाम कठीण गणिते गटाने सोडवायला दिली जात. त्या मंडळांत आलेल्या मुलांचे निकाल पालटले. ही पद्धत पुढे अनेक अमेरिकन कॉलेजांनी उचलली.

हे वाचून आपल्याला परके वाटायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले, तेव्हा निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एकत्र शिकत. १९४७ साली साताऱ्यात निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' हीच वाट होती. तेव्हा चार जणांची खोली ही अडचण समजू नका. आठवड्यातून दोनदा त्याच खोलीचे अभ्यासमंडळ करा. नियम एकच : प्रत्येकाने आधी स्वतः प्रयत्न करून यायचे. नाहीतर एक सांगतो आणि तिघे उतरवतात, तो अभ्यास नव्हे.

प्राध्यापकांना विचारायलाही शिका. "सर, काहीच समजलं नाही" असे म्हटले तर त्यांनाही उत्तर देता येत नाही. "सर, इथपर्यंत समजलं, या पायरीला अडलं" असे वही दाखवून विचारा. इंग्रजीसाठी वहीच्या मागच्या पानांवर दर विषयाचे नेहमीचे शब्द लिहा, रोज पाच. पारिभाषिक शब्द त्याच त्याच फेऱ्यांत येतात. पहिल्या दोन महिन्यांत ते हाताशी आले की पुस्तक निम्मे हलके होते. धडा आधी मराठीत समजून घेण्यात कमीपणा मानू नका.

वेळेविषयी थोडक्यात. रविवारी संध्याकाळी आठवड्याचा आराखडा कागदावर मांडा : तास, प्रवास, काम, जेवण, झोप. उरलेल्या जागेत अभ्यास अमुक विषयाचा, अमुक वेळी, असा नेमून टाका. मोबाइल त्या वेळेत दुसऱ्या खोलीत किंवा पेटीत ठेवा. समोर असला की हात जातोच. झोप मात्र कापू नका. दिवसा शिकलेले मनात पक्के बसते ते पुष्कळ अंशी झोपेत.

शिक्षक मित्रहो, यातले बरेचसे आठवी-नववीपासूनच तुमच्या हाती आहे. तासाच्या शेवटची पाच मिनिटे पुस्तके मिटवून मुलांना आठवेल ते लिहू द्या, आणि त्याला गुण देऊ नका. सोमवारी मागच्या आठवड्याचे दोन प्रश्न विचारा. बारावीच्या मुलांना एकदा तरी, उत्तर फळ्यावर न लिहिता, स्वतः टिपणे काढायला लावा. मूल तुमच्या हातून सुटल्यावरही ज्याच्या आधारे चालेल, अशी ही शिदोरी आहे.

आणि आईबापांना एक विनंती. पहिल्या सत्रात एखादा विषय राहिला तर लगेच नशिबाला बोल लावू नका, आणि पोरीचे दप्तर तर मुळीच उचलून ठेवू नका. "किती मार्क पडले?" याच्याआधी "रोज अभ्यास कसा करतेस, कोणाबरोबर बसतेस, अडलं तर कोणाला विचारतेस?" एवढे तीन प्रश्न विचारा. तुम्ही स्वतः शाळेत गेला नसाल तरी हे तीन प्रश्न तुम्हाला विचारता येतात. उत्तर ऐकल्यावर खोट कुठे आहे ते तिचे तिलाही कळेल, आणि पुढच्या सत्राला अजून वेळ असतो.