पादचाऱ्यांचं म्हणणं विधानभवनापर्यंत

सकाळी ७
पावसाळी अधिवेशन सुरू असलं की दिवस कामकाजपत्रिकेने उजाडतो. नगरविकासाचे प्रश्न कधी आहेत, कुठली लक्षवेधी लागली आहे, ते पाहते. आमचा गट पुण्यातल्या पदपथांसाठी ऑनलाइन मोहीम चालवतो. निर्वेध पदपथ हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये स्पष्ट केलं. तो हक्क रस्त्यावर दिसायचा तर आमदारांनी सभागृहात बोललं पाहिजे.

सकाळी ९
सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप जातो: एकच मागणी, तीन ओळी, एक लिंक. लिंक उघडली की आधी आपला मतदारसंघ निवडायचा. इथे बरेच जण अडखळतात. सिंहगड रस्ता काही ठिकाणी पर्वतीत, काही ठिकाणी खडकवासल्यात. मतदार ओळखपत्रावरचा क्रमांक निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर टाकून खात्री करा, असं प्रत्येकाला सांगते.

सकाळी ११
लिंकवरून आमदारांसाठी आलेली पत्रं वाचते. मागणीचा मजकूर आम्ही देतो, पहिला परिच्छेद मात्र मोकळा सोडतो. एका आजींनी लिहिलंय: ‘शाळेच्या फाटकापासून वळणापर्यंत पदपथावर दुचाक्या लावलेल्या असतात. नातीचा हात धरून मी बसच्या पुढ्यातून चालते.’ हे पत्र सगळ्यात वर ठेवते.

दुपारी १
आमदारांच्या पीएंना फोन. ‘ताई, साहेब सभागृहात आहेत. आमच्या मतदारसंघातली पत्रं किती?’ पहिला प्रश्न हमखास हाच. बाहेरच्या हजार सह्यांपेक्षा स्वतःच्या मतदाराचं एक पत्र तिथे जड भरतं.

दुपारी ४
नवे कार्यकर्ते विचारतात, याने खरंच काही होतं का? त्यांना नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या सेवांना समान वागणूक मागणारी मोहीम सांगते. २०१५मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने वीस किचकट प्रश्न लोकांपुढे ठेवले. स्वयंसेवकांनी त्यांची सोपी उत्तरं तयार केली आणि दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ला ट्रायने डेटाच्या दरातल्या भेदभावाला बंदी घातली. किचकट मसुदा लोकांच्या भाषेत आणणं हेच आपलं मुख्य काम.

संध्याकाळी ७
कोणत्या आमदाराने मुद्दा मांडला, कोणी नाही, हे पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाला कळवते. मांडणाऱ्याला आभाराचं पत्र, न मांडणाऱ्याला पुन्हा विनंती. लोकांकडून पत्र घ्यायचं आणि पुढे काय झालं ते सांगायचं नाही, हा विश्वासघात आहे. आपल्या शब्दाचं काय झालं हे ज्याला कळतं, तो पुढच्या अधिवेशनातही लिहितो.