‘मला जमत नाहीं’ या वाक्याविषयीं

गेल्या हिंवाळ्यांत नववीच्या वर्गाची सहल अजिंठ्याच्या लेण्यांस गेली होती. हीं लेणीं आपल्या सोयगांव तालुक्यांतच मोडतात, हें निम्म्या मुलांस ठाऊक नव्हतें. पण त्यांस दोष तरी कसा द्यावा? घराजवळची वस्तु पाहण्याचें आपण सर्वच पुढें ढकलीत असतों. पहिलें, दुसरें, सोळावें व सतरावें हीं प्रसिद्ध चित्रांचीं लेणीं पाहून मुलें थकलीं आणि पुढें भराभर चालूं लागलीं. एक मुलगा तेवढा चोविसाव्या लेण्यापाशीं मागें राहिला. हें लेणें अपुरें आहे. खांब पुरते घडविलेले नाहींत, खडक ओबडधोबड तसाच उभा आहे. मुलानें विचारलें, “सर, यांचें चुकलें म्हणून सोडलें का?”

हा प्रश्न त्यानेंच विचारावा, याची मला लाज वाटली. दोनच महिन्यांपूर्वीं मीं त्याला भर वर्गांत म्हटलें होतें, “गणित हा तुझा प्रांत नव्हे.” मीं तें रागानें म्हटलें नव्हतें, उलट त्याच्या मनावरचें ओझें हलकें व्हावें, हाच हेतु होता. परंतु त्या दिवसापासून त्यानें गणिताची वही उघडणें सोडून दिलें. पुढें त्याचे वडील शाळेंत आले आणि म्हणाले, “सर, डोक्यांतच नसेल तर उगीच कशाला ताणायचें? घरीं कपाशी आहे. नववीनंतर काढून घेतों, तेवढाच एक हात वाढेल.” माझें एक वाक्य माझ्या आधीं त्यांच्या घरीं जाऊन पोंचलें होतें, आणि तेथें त्याचा निकालहि लागला होता.

मुलास मीं सांगितलें कीं, चूक झाली म्हणून हें लेणें सोडलेलें नाहीं. इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या अखेरीस येथील कामच थांबलें. पण लेणीं कोरीत कशीं, हें समजून घ्यावयाचें असेल तर पुऱ्या झालेल्या लेण्यांपेक्षां हेंच अधिक उपयोगी पडतें. कारागीर छताकडून खालीं उतरत. खडकांत खोल चर पाडून मधला दगड फोडून काढीत, आणि खांबांपुरता दगड राखून ठेवून तो मागाहून घडवीत. हा क्रम अपुऱ्या दगडानें जपून ठेविला आहे. पुऱ्या लेण्यांत घासून गुळगुळीत केलेल्या भिंतींनीं तो झांकून टाकला. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे हें कच्चें काम आहे.” मी म्हणालों, “होय, कच्चें काम.”

बुद्धि ही जन्मतःच मोजून दिलेली वस्तु आहे, अशी समजूत फार जुनी आहे. फ्रान्समधील मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यानें सिमों या सहकाऱ्याच्या मदतीनें १९०५ सालीं बुद्धीच्या चाचण्या तयार केल्या. शाळेंत मागें पडणाऱ्या मुलांस कोणती मदत हवी, हें ओळखण्यासाठीं त्या होत्या. पुढें इतरांनीं त्याच चाचण्यांचा उपयोग मुलांच्या कपाळीं कायमचा शिक्का मारण्याकडे केला. स्वतः बिनेनें मात्र १९०९ सालच्या आपल्या पुस्तकांत, बुद्धि वाढूं शकत नाहीं असें म्हणणाऱ्यांचा स्पष्ट निषेध केला होता. सरावानें व योग्य पद्धतीनें लक्ष, स्मरण व विवेक हे गुण वाढतात, असें त्याचें मत होतें.

अमेरिकेंतील कॅरोल ड्वेक या विदुषीनें २००६ सालच्या आपल्या पुस्तकांत याच विचाराची अधिक फोड केली. तिच्या मतें मनाची ठेवण दोन प्रकारची असते. एकींत मनुष्य मानतो कीं, आपली कुवत ठरलेली आहे. त्यामुळें प्रत्येक परीक्षा त्याला आपल्या लायकीची झडती वाटते, आणि चूक ही लपविण्याची वस्तु होते. दुसरींत तो मानतो कीं, कुवत वाढविता येते. मग चूक म्हणजे पुढें काय शिकावयाचें याची खूण ठरते. एकच मनुष्य एका विषयांत पहिल्या प्रकारचा व दुसऱ्या विषयांत दुसऱ्या प्रकारचा असूं शकतो. माझा तो विद्यार्थी मोटारपंप उघडून बसला म्हणजे दहादां चुकूनहि उठत नसे. गणितांत मात्र एका चुकीनें त्याचे हातपाय गळत.

येथें पालकांनीं थोडें लक्ष द्यावें. १९९८ सालीं ड्वेक व क्लॉडिया म्यूलर यांनीं कांहीं प्रयोग प्रसिद्ध केले. पांचवीच्या मुलांस कोडीं सोडवावयास देऊन कांहींस “तूं हुशार आहेस” असें म्हटलें, तर कांहींस “तूं चांगली मेहनत केलीस” असें. हुशार म्हटलेल्या मुलांनीं पुढें सोपीं कोडीं निवडलीं, आणि अवघड कोड्यांत अपयश आल्यावर त्यांचें काम पूर्वींपेक्षांहि उतरलें. इतकेंच नव्हे, तर आपले गुण लिहून कळवावयास सांगितले तेव्हां त्यांतील शेंकडा ३८ मुलांनीं ते वाढवून सांगितले. मेहनतीबद्दल वाखाणलेल्यांत हें प्रमाण शेंकडा १३ होतें. “आमचा बाळ्या भारी हुशार,” असें पाहुण्यांसमोर कौतुकानें म्हणणारे आपण सर्व, त्याच्या डोक्यावर केवढी जोखीम ठेवतों पाहा.

तथापि केवळ मेहनतीची स्तुति पुरे, असेंहि नाहीं. याचें उदाहरण पुन्हां आपल्या डोंगरांतच सांपडतें. रॉबर्ट गिल हा मद्रासच्या फौजेंतील अधिकारी १८४४ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या हुकुमावरून लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यास येथें आला. वर्षानुवर्षें खपून त्यानें मोठमोठीं तैलचित्रें केलीं आणि तीं लंडनला रवाना केलीं. डिसेंबर १८६६ मध्यें तेथील क्रिस्टल पॅलेस नांवाच्या प्रदर्शनगृहास आग लागली व त्यांतील बहुतेक चित्रें जळून गेलीं. गिल तेव्हां साठी ओलांडलेला होता. तरीहि त्यानें काम पुन्हां हातीं घेतलें. १८७९ सालीं तो वारला. त्याची कबर भुसावळ येथें आहे. मुंबईच्या कलाशाळेंतील जॉन ग्रिफिथ्स यानें १८७२ पासून पेस्तनजी बोमनजी इत्यादि आपल्या विद्यार्थ्यांसह तेंच काम नव्यानें आरंभिलें. त्या नकलांपैकींहि पुष्कळ १८८५ सालीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयांतील आगींत गेल्या. उरलेल्या साहित्यावरून त्यानें १८९६-९७ मध्यें ग्रंथ छापून काढला.

एवढेंच सांगून थांबलों तर गोष्ट फार गोड होईल. चित्रें स्पष्ट दिसावींत म्हणून त्या काळीं मूळ भिंतींवर व्हार्निश लावण्यांत आलें. त्यामागें उत्साह होता, कष्ट होते. पण तें पिवळें पडून चित्रें झांकोळलीं. पुढें १९२० च्या सुमारास आलेल्या इटालियन जाणकारांनींहि लाखेचा लेप वापरला. तो थर उतरविण्याचें काम पुरातत्त्व खात्यास पुढें कित्येक वर्षें करावें लागलें. मेहनत पुष्कळ आणि रीत चुकीची, असें झालें म्हणजे काय होतें तें त्या भिंती सांगतात. एकच उदाहरण त्याच चुकीसह वीस वेळां लिहिणाऱ्या मुलाची पाठ थोपटणें म्हणजे व्हार्निशचा आणखी एक हात देणें होय. चूक कोठें झाली हें त्याच्याबरोबर बसून शोधावें लागतें, आणि तें काम शिक्षकाला कंटाळवाणें वाटतें हें मी कबूल करतों.

नुसत्या उपदेशाचा परिणाम किती, तेंहि मोजलें गेलें आहे. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत अमेरिकेंतील सुमारें १२,००० नववीच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहींस, एकूण एका तासाहून कमी वेळांत, बुद्धि वाढूं शकते हें समजावून देण्यांत आलें. मागें असलेल्या मुलांची प्रगति झाली, पण ती अल्प होती: चारपैकीं सरासरी एकदशांश गुण. जेथें सोबत्यांमध्यें कठीण उदाहरण अंगावर घेण्याची रीत होती, तेथें ती अधिक दिसली. माझ्या मतें या पाहणींतील हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. मुलानें मन बदलावें आणि वर्गानें त्याच्या चुकीस हंसत राहावें, हें चालणार नाहीं.

सहलीनंतर मीं दोन गोष्टी केल्या. पहिली अवघड होती: ज्या वर्गासमोर तें वाक्य उच्चारलें, त्याच वर्गासमोर तें चुकीचें होतें असें सांगितलें. दुसरी, प्रत्येकानें कच्च्या कामाची वेगळी वही ठेवावी व तींत खोडाखोड करण्यास पूर्ण मुभा असावी, असें ठरविलें. दर शनिवारीं एक सुंदर चूक फळ्यावर लिहून ती कशी झाली हें आम्ही मिळून शोधतों. पहिल्या शनिवारची चूक माझी होती, व ती दाखविण्याची मुलांस घाई झाली होती.

त्या मुलाच्या वडिलांस मीं वही दाखविली. त्यांनीं पानें उलटलीं, खोडलेल्या ओळींवर बोट फिरविलें आणि विचारलें, “एवढें चुकतो, तरी पुन्हां लिहितो?” मी म्हणालों, “आतां लिहितो.” कपाशीच्या वेंचणीच्या दिवसांत आठवड्यांतून दोन दिवस तो घरीं राहील, बाकीचे दिवस शाळेंत येईल, अशी तडजोड झाली. वार्षिक परीक्षेंत त्याला गणितांत शंभरांपैकीं एकेचाळीस गुण मिळाले. तो आतां दहावींत आहे. बीजगणितांत चिन्ह बदलावयाचें तो अजून विसरतो.