विहिरीवरील इंजिनाचें पॅकिंग व ऑइल सील

ज्या बागाईतदारांच्या विहिरीवर अद्याप डिझेल इंजिन चालतें, त्यांच्यावर तें खोलून दुरुस्त करण्याची वेळ केव्हां ना केव्हां येतेच. पिस्टन, रिंगा व बेअरिंगें यांच्या खर्चाकडे सर्वांचें लक्ष असतें; परंतु दोन भागांच्या मध्यें बसणाऱ्या पातळ पॅकिंगाकडे व शाफ्टावरील ऑइल सीलकडे कोणी फारसें पाहत नाहीं. आमचाहि प्रकार तसाच झाला.

गहूं ओंबीवर आला असतां आमच्या इंजिनाची जोडणी झाली. घाईमुळें कारागिरानें हेडचें जुनेंच पॅकिंग पुन्हां बसविलें व आम्हीं जवळ असूनहि हरकत घेतली नाहीं. चौथ्या दिवशीं चेंबरमधील तेल ताकासारखें पांढरें दिसलें. म्हणजे थंडाव्याचें पाणी तेलांत उतरलें होतें. इंजिन पुन्हां चालू होईपर्यंत पाण्याच्या दोन पाळ्या चुकल्या व दाणा चिरमटला. दुसऱ्यांच्या पिकांच्या पैसेवारीचे कागद लिहिण्यांत आमची नोकरी गेली. त्या वर्षीं स्वतःच्याच पिकाची उतरती पैसेवारी पाहावी लागली. दोष कारागिराचा, तितकाच आमचा.

एकदां दाबलें गेलेलें हेडचें पॅकिंग पुन्हां पूर्वीसारखें दबत नाहीं. म्हणून तें प्रत्येक वेळीं नवेंच घालावें. जुने तुकडे लांकडी किंवा पितळी पट्टीनें काढावे. पोलादी छिन्नीचा ओरखडा पडल्यास त्याच वाटेनें वायु व पाणी निसटतात. जुन्या पॅकिंगांत पुष्कळदां ॲस्बेस्टॉस असतो व त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. यास्तव तें ओलें करून काढावें, कोरडें घासूं नये. नंतर हेडवर सरळ पोलादी पट्टी उभी धरावी. खालून उजेड दिसल्यास हेड सपाट करून घ्यावें.

पॅकिंगाची जाडी इंजिनाच्या माहितीपुस्तकाप्रमाणेंच असावी. तें जाड झाल्यास आंतील दाब कमी पडून इंजिन चालू होण्यास त्रास देतें. पातळ झाल्यास पिस्टन वर लागण्याचें भय असतें. नट ओळीनें न आवळतां समोरासमोरचे घेऊन, तीन फेऱ्यांत, थोडेथोडे आवळावे. शेवटचा जोर पुस्तकांतील आंकड्याप्रमाणें टॉर्क पान्यानें द्यावा. चिकट मलम बेतानेंच लावावें. जास्त झालेलें आंत सुटून तेलाची वाट बुजवितें.

ऑइल सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे असावी. उलट बसविल्यास तेल गळतें. त्याच्या रबरी कडेस प्रथम तेल लावावें. शाफ्टावर चावीची खांच असल्यास तिच्यावर पातळ कागद गुंडाळावा, नाहीं तर कड कापली जाते. सील एका बाजूनें ठोकूं नये. त्याच्याच मापाच्या नळीचा तुकडा ठेवून सर्व बाजूंनीं सारखें आंत सारावें. शाफ्टावर नख अडेल अशी चरी पडली असल्यास नवें सीलहि गळतें. ती चरी आधीं दुरुस्त करून घ्यावी.

आमची वाचकांस इतकीच सूचना आहे कीं, पॅकिंग व सील इंजिन खोलण्यापूर्वींच आणून ठेवावीं, म्हणजे जुन्यावर भागविण्याचा मोह होत नाहीं. जोडणी पावसाळ्यांत, विहिरीवर काम नसतांना करावी. आणि त्या दिवशीं मालकानें स्वतः जवळ बसून हरकत घेण्याजोगी गोष्ट दिसतांच ती घ्यावी.